घाईच्या टीममध्ये डिझाइनसाठी वेळ कसा काढायचा

ज्यांच्या टीममध्ये सोमवारच्या मीटिंगमध्ये एक कल्पना निघते, बुधवारी तिचे स्क्रीन मागितले जातात आणि पुढच्या शुक्रवारी ती लोकांच्या फोनवर गेलेली असते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी रत्नागिरीत राहून अ‍ॅप आणि वेबसाइटचं डिझाइन करते. काही काम पुण्या-बंगळुरूच्या टीमचं असतं, काही इथल्या आंबा बागायतदारांचं, होमस्टेवाल्यांचं आणि मच्छीमार सोसायट्यांचं. घाई दोन्हीकडे असते. ती सगळी वाईट असते असं मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. टीमने घाई करून वाचवलेला वेळ वापरणाऱ्या माणसाच्या वेळातून कापलेला असतो. आपण दोन दिवस वाचवतो आणि देवगडच्या एखाद्या घरात एप्रिलभर रोज रात्री कुणीतरी अर्धा तास जास्त जागतं. हा हिशोब आधी मांडून दाखवणं हे डिझायनरचं काम आहे. तो कसा मांडायचा, हट्ट कुठे धरायचा आणि बिनधास्त पळायचं कुठे, ते सांगते.

आधी थोडा इतिहास, कारण मॅनेजरशी बोलताना तो उपयोगी पडतो. ‘वेगाने पुढे जा, मोडतोड झाली तर होऊ दे’ अशा अर्थाचं फेसबुकचं घोषवाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. २०१२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा मार्क झुकेरबर्गच्या गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रातही ते होतं. २०१४ मध्ये त्यानेच ते बदललं, वेग ठेवा पण पायाभूत यंत्रणा भक्कम ठेवून, असं केलं. जगभरच्या टीमनी मात्र पहिलंच पाठ करून ठेवलं. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचंही, म्हणजे काम ठरावीक छोट्या टप्प्यांत उरकण्याच्या पद्धतीचंही, तसंच झालं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. अ‍ॅजाइल म्हणजे चपळ : सॉफ्टवेअर थोडं थोडं करत, गरजेप्रमाणे बदलत न्यायची पद्धत. त्याच्या सोबतच्या १२ तत्त्वांमध्ये असंही लिहिलेलं आहे की कामाचा वेग सगळ्यांना कितीही काळ झेपेल असा एकसारखा असावा, आणि चांगल्या डिझाइनकडे सतत लक्ष दिल्याने चपळपणा वाढतो. तिथे डिझाइन म्हणजे मुख्यतः सॉफ्टवेअरची आतली रचना, हे मान्य. तरीही ‘आपण अ‍ॅजाइल आहोत, विचार करायला वेळ नाही’ असं कुणी म्हणालं, तर ही दोन तत्त्वं त्याच्यासमोर शांतपणे ठेवा. मी ठेवते.

तारीख कुणाची आहे ते विचारा

काम हातात आलं की माझा पहिला प्रश्न असतो, ‘ही तारीख कशामुळे ठरली?’ भांडायला विचारत नाही. काही तारखा खऱ्या असतात. हापूसची आगाऊ मागणी घेणारं पान फेब्रुवारीत तयार नसेल तर मे महिन्यात त्याचा काही उपयोग नाही. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. सोसायटीचं लिलावाचं अ‍ॅप १ ऑगस्टला चालायलाच हवं. गणपतीसाठी रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस आधी उघडायचं. म्हणजे चाकरमान्यांसाठी काही करायचं तर ते त्या दिवसापूर्वी झालं पाहिजे. अशा तारखेशी वाद घालू नका. तिच्यासाठी काम लहान करा.

बाकीच्या तारखा मानलेल्या असतात. गुंतवणूकदारांची भेट, तिमाहीचा शेवट, दुसऱ्या कुणीतरी काहीतरी आणलं म्हणून. मानलेली तारीख कळली की ती हलवता येते. हलली नाही, तरी त्या दिवशी नक्की काय दाखवायचं आहे एवढं विचारता येतं. बऱ्याचदा भेटीत दाखवायला तीन स्क्रीन पुरतात आणि लोकांच्या फोनवर काही जावं लागत नाही. हा एक प्रश्न विचारून जितका वेळ मिळतो तितका दुसऱ्या कुठल्याच युक्तीने मिळत नाही. आणि तो पहिल्या दिवशीच विचारायचा असतो. आठवड्याने विचारलात तर लोकांना ती कुरकुर वाटते.

हंगामी धंद्यासाठी काम करणाऱ्यांनी आणखी एक करावं. बघायचं काम एक हंगाम आधी करा. एप्रिलमध्ये बागेत जाऊन जे दिसतं ते पुढच्या फेब्रुवारीच्या कामासाठी असतं. मच्छीमारांशी निवांत बोलायचं तर बंदीच्या दिवसांत, जाळी विणत बसलेले असतात तेव्हा. पण लिलाव बघायचा तर मे महिन्यातच बघून ठेवायला हवा. जूनमध्ये ते नुसतं सांगतात, लिलाव कसा होतो ते, आणि सांगण्यात निम्मं गळतं.

जाऊन बघा, आणि मागचं काम दाखवायला सांगा

एका कंपनीला बागायतदारांसाठी ऑर्डर सांभाळायचं अ‍ॅप करायचं होतं. माझ्या हातात कागद आला त्यात ऑर्डरच्या तीन पायऱ्या होत्या : नवी, प्रक्रियेत, पूर्ण. कुठल्याही ऑनलाइन दुकानात असतात तशाच. मी देवगडजवळच्या एका घरी गेले. पडवीत आंब्याची आढी लावलेली, एकीकडे पुठ्ठ्याचे बॉक्स भरणं चालू, आणि काकी दाराशी वही घेऊन बसलेल्या. हाताला देठाचा चीक लागलेला, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं तर आधी पदराला हात पुसायचा, मग करंगळीने फोन उघडायचा. काय हवं आहे, असं मी त्यांना विचारलं नाही. ‘काकी, कालची एखादी ऑर्डर दाखवा ना, कशी लिहिली ती,’ एवढंच म्हटलं.

वहीत एका ओळीत नाव, गाव, किती डझन, कच्चा की तयार, आणि कुठल्या वाराला पोचायला हवा. बॉक्स गाडीत गेला की त्या नावाभोवती गोल करायच्या. पैसे आले की ओळीच्या शेवटी टिक. मी पानं चाळली. काही ओळींना गोल होता, टिक नव्हती. ते ओळखीचे जुने लोक, आंबे खाऊन झाल्यावर पैसे पाठवणारे. काही ओळींना टिक होती आणि गोल नव्हता. त्या लोकांनी मार्चमध्येच पैसे भरले होते, फळ मे महिन्यात हवं होतं. मी फोनवर कंपनीचा नमुना दाखवला, तर त्या बघून म्हणाल्या, ‘गो बाय, ह्यात पैशे इले की नाय ता खंय दिसतला?’

तो प्रश्न म्हणजे सगळं डिझाइन होतं. पैसे आणि माल हे दोन वेगळे रस्ते आहेत, ते एकाच ‘पूर्ण’मध्ये बसत नाहीत. पुढे पानं उलटताना दुसरी गोष्ट दिसली. दादरच्या एका गृहस्थांच्या नावाखाली पाच पत्ते होते. मुलीला दोन डझन, व्याह्यांना पाच, साहेबांना पाच, असे. गिऱ्हाईक एक, पैसे एकदम, पत्ते पाच आणि वारही वेगवेगळे. म्हणजे पत्ता गिऱ्हाइकाला जोडून चालणार नव्हतं, तो बॉक्सला जोडायला हवा होता. आणि पेटी हे माप म्हणून धरता येत नव्हतं, कारण फळ मोठं असलं की एका पेटीत कमी डझन बसतात आणि लहान असलं की जास्त.

यातलं काहीही मला रत्नागिरीत टेबलावर बसून सुचलं नसतं. कंपनीतल्या कुणाला तर नाहीच. आणि एवढं कळायला एक सकाळ पुरली. संशोधन म्हटलं की मॅनेजरच्या डोळ्यांसमोर दोन महिने आणि मोठा अहवाल येतो, म्हणून तो शब्द मी वापरत नाही. ‘एक सकाळ जाऊन येते, दुपारी चार फोटो आणि अर्ध्या पानाचा मजकूर देते,’ असं सांगते. याला आजवर कुणी नकार दिलेला नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेलं गणित सांगायचं तर, एका प्रकारच्या पाच वापरणाऱ्यांसोबत चाचणी केली की वापरातल्या बहुतेक अडचणी उघड्या पडतात. त्या आकड्यावर वाद आहेत, पण पाच घरं फिरणं आणि एकही न फिरणं यातला फरक कुणालाही पटतो.

जाताना हे सांभाळा. माणूस कामात असेल तेव्हाच जा, पण त्याचं काम अडवू नका. आपलं अ‍ॅप पहिल्या तासात काढू नका. वही, भिंतीवरचं कॅलेंडर, फोनमधले स्क्रीनशॉट, बॉक्सवर मार्करने लिहिलेलं नाव, हे सगळं बघा. लोकांनी स्वतःसाठी तयार केलेली पद्धत त्यात असते आणि ती वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली असते. गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर फोटोत आले तर ते पुसल्याशिवाय टीममध्ये पाठवू नका.

कुठे सावकाश, कुठे झटपट

घाईचा सगळ्यात मोठा तोटा असा की ती सगळ्या निर्णयांना सारखाच वेळ देते. बटणाचा रंग आणि पत्ता कुणाला जोडायचा, दोन्ही त्याच मीटिंगमध्ये, दहा-दहा मिनिटांत. उलट रंगावरच जास्त वेळ जातो, कारण रंगाबद्दल सगळ्यांना मत असतं.

मी काम हातात घेतलं की कागदावर दोन रकाने करते. एकीकडे, नंतर एका संध्याकाळी बदलता येईल असं सगळं : रंग, चित्रं, कोपऱ्यांची गोलाई, पहिल्या पानावरचा मजकूर, बटण डावीकडे की उजवीकडे. दुसरीकडे, एकदा लोकांची माहिती भरली गेली की हलवायला जड जाईल असं : कशाला काय जोडलेलं आहे, पायऱ्या किती आणि त्या एकमेकींवर अवलंबून आहेत का, माप कुठलं, माणसाची ओळख कशावरून. शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस, असं धरून अ‍ॅप बांधतात. गावात एका घरात एक चांगला फोन असतो, तो सासू, सून आणि मुंबईहून सुट्टीत आलेला दीर, तिघं वापरतात. अशा घरात ओटीपी येतो तेव्हा फोन बाजारात गेलेला असतो.

पहिल्या रकान्यात वेळ घालवू नका. गूगलने २०१४ मध्ये आणलेली मटेरियल डिझाइनची पद्धत किंवा बटणं, रंग, चित्रांचा दुसरा कुठलाही तयार संच घ्या आणि पुढे चला. तुमच्या डिझायनरपणाला त्याने काही कमीपणा येत नाही. वाचलेला सगळा वेळ दुसऱ्या रकान्यात ओता. टीमला हे पटवणं सोपं असतं, कारण तुम्ही जास्त वेळ मागत नसता, वेळ इकडचा तिकडे करत असता.

आता एआयमुळे हे आणखी निकडीचं झालं आहे. दोन वाक्यं लिहिली की काही मिनिटांत दहा स्क्रीन समोर येतात, आणि ते दिसतातही सुबक. मी ते वापरते, पण पहिल्या रकान्यापुरतं, किंवा एखादी कल्पना कुणाला पटकन दाखवायची असेल तर. दुसऱ्या रकान्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. आंबा ऑर्डरचे स्क्रीन मागितले तर तुम्हाला एक गिऱ्हाईक, एक पत्ता, एक ‘पूर्ण’ असंच मिळेल, कारण जगातली बहुतेक दुकानं तशीच आहेत. स्क्रीन पूर्ण झाल्यासारखा दिसतो, म्हणून प्रश्न विचारायचे राहून जातात. यासाठी माझा नियम असा : काकींची वही बघितल्याशिवाय, म्हणजे ज्याचं काम त्याची पद्धत बघितल्याशिवाय, टीमला रंगीत स्क्रीन दाखवायचा नाही. तोवर पेन्सिल आणि कागद. कच्च्या रेघांवर लोक मोकळेपणाने बोलतात, रंगीत स्क्रीनवर फक्त रंगाबद्दल बोलतात.

मजकूर आधी, तोही मराठीत

स्क्रीन इंग्रजीत आखायचे आणि रिलीजच्या आदल्या दिवशी मराठी ‘टाकायचं’, ही सवय घाईतून आली आहे आणि ती मोडलीच पाहिजे. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत आपली अक्षरं मावत नाहीत. वरची वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार यांना जागा लागते. बटणात ‘की’ची वेलांटी वरून कापली जाते, ‘कृपया’चा ऋकार खालून. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा थोडं जास्त ठेवा आणि मग डोळ्यांनी तपासा. फाँट निवडताना एकच ओळ लिहून बघत जा, ज्यात मराठीचं सगळं अवघड येतं. मालवणच्या एका खाणावळीच्या मेनूसाठी मी ‘तिसऱ्या’, ‘कुळथाची पिठी’, ‘भरलेलं पापलेट’, ‘सोलकढी’ लिहून बघितलं, तर एका फाँटमध्ये ‘तिसऱ्या’मधला अर्धा र तुटून त्याचा पाय सुटा दिसत होता, आणि ल, श हिंदी वळणाचे होते. मुक्तासारखे मोफत मिळणारे चांगले देवनागरी फाँट आहेत. निवडायला तासभर लागतो. तो तास काढा.

पहिल्या कागदापासून मजकूर मराठीत लिहिला की दुसरा फायदा होतो. अवघड पायरी लगेच उघडी पडते. जे वाक्य काकींना तोंडाने सांगता येत नाही, ते स्क्रीनवर लिहूनही कळणार नाही.

भाषा मागून आली की काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २८ एप्रिल २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाची लसीची नोंदणी कोविन पोर्टलवर सुरू झाली. या वयोगटाला तेव्हा नोंदणी ऑनलाइनच करावी लागत होती. मराठी आणि इतर भारतीय भाषा पोर्टलवर त्यानंतर आल्या. साथ चालू होती, देशभराची यंत्रणा काही आठवड्यांत उभी करायची होती, घाईला खरं कारण होतं. हे सगळं मी मानते. तरीही ज्याचं नेट जलद आणि इंग्रजी चांगलं त्याला जागा आधी मिळाली. शहरातल्या लोकांनी खेड्यांतल्या केंद्रांवरच्या जागा आरक्षित केल्याच्या तक्रारी तेव्हा ठिकठिकाणी होत होत्या. अशा खऱ्या घाईतही भाषा पहिल्या यादीत घ्यायला हवी, हा माझा हट्ट त्या दिवसांपासूनचा आहे.

काम झालं असं कधी म्हणायचं

बहुतेक टीमकडे ‘डन’ची एक व्याख्या असते : कोड लिहिला, तपासला, चढवला. तिच्यात डिझाइनच्या पाच-सहा ओळी घालून घ्या. एकदा त्या व्याख्येत गेल्या की दर वेळी भांडावं लागत नाही. माझ्या ओळी अशा असतात. काहीच ऑर्डर नसताना स्क्रीन कसा दिसतो. नेट मध्येच गेलं तर भरलेलं राहतं का. चुकून दाबलं तर मागे घेता येतं का. चूक झाली तर काय करायचं ते मराठीत लिहिलेलं आहे का. स्वस्त फोनवर, उन्हात, ओल्या हाताने चालतं का.

शेवटची ओळ इथे फार मोलाची आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी बोटी लागतात, बैलगाड्यांतून मासळी येते आणि वाळूवरच लिलाव सुरू होतो. पश्चिमेचं ऊन थेट स्क्रीनवर येतं, हात ओले, खवले लागलेले, बोली पुकारणाऱ्याच्या आवाजात फोनची बारीक घंटी ऐकू येत नाही. फिकट करड्या रंगाचा मजकूर तिथे दिसतच नाही. डब्ल्यूसीएजी या, वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडदपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा. मी किनाऱ्यासाठी त्याहून बराच जास्त ठेवते. बटणाचं किमान माप अँड्रॉइडच्या सूचनांत ४८ डीपी (स्क्रीनवरची लांबी मोजायचं अँड्रॉइडचं एकक) आहे, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, अ‍ॅपलच्या सूचनांत ४४ पॉइंट. हे आकडे टीमला सांगा, कारण ‘बटण मोठं हवं’ हे मत ठरतं आणि ‘४८ डीपी हवं’ हा नियम ठरतो.

वेगाबद्दलही एक सांगायचं आहे. ज्या टीमना आपल्या वेगाचा अभिमान असतो त्यांची अ‍ॅप फार वेळा मंद असतात. घाईत जे हाताला लागेल ते जोडत गेलं की पान जड होतं. नील्सनचे जुने आकडे आजही खरे आहेत : ०.१ सेकंदात काही घडलं तर ते लगेच घडलं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचार तुटत नाही, १० सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे बघायला लागतो. गूगलच्या निकषात पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. पावसाळ्यात वीज जाते, टॉवर मान टाकतो, तेव्हा राजापूरच्या एखाद्या वाडीत हे पान किती वेळात उघडेल? ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम मंद करून बघायची सोय असते. ती चालू करून स्क्रीन मॅनेजरच्या हातात द्या आणि गप्प बसा.

तपासायला वेळ शेवटी राहील, या भरवशावर राहू नका. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला हेल्थकेअर डॉट गव्ह हे आरोग्य विम्याचं संकेतस्थळ सुरू झालं. सगळे भाग एकत्र जोडून पहिल्यापासून शेवटपर्यंतची चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत झाली होती. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करू शकले ते फक्त ६ जण. तारीख पाळली गेली होती.

मॅनेजरशी कसं बोलायचं

‘दर्जा’ हा शब्द टाळा. दर्जाच्या विरुद्ध कुणीच नसतं, म्हणून त्याने काही हलत नाही. मिनिटांत बोला. समजा हंगामात एका बागायतदाराकडे दिवसाला २०० ऑर्डर येतात आणि पैसे आले की नाही ते बघायला प्रत्येक ऑर्डरमागे १५ सेकंद जास्त लागतात. ते झाले दिवसाचे ५० मिनिटं. आपण ती पायरी नीट करायला दोन दिवस मागतो आहोत. हे फळ्यावर लिहा. आकडे तुम्ही स्वतः बघून आणलेले असतील तर त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही.

त्याहून परिणामकारक काही असेल तर तो एक मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात एक माणूस तुमच्या स्क्रीनवर अडकलेला आहे. त्याची परवानगी घेऊन काढा, चेहरा नको, फक्त हात आणि फोन. बोट बटणापाशी जाऊन थांबतं, परत येतं, पुन्हा जातं. टीममधले डेव्हलपर हे बघून आपणहून सुधारणा सुचवतात, असा माझा अनुभव आहे. त्यांनाही घाईत केलेलं काम आवडत नसतं, त्यांना फक्त ते कुणी दाखवलेलं नसतं.

आणि जमेल तिथे डेव्हलपरच्या एक स्प्रिंट पुढे राहा. ते या पंधरवड्यात जे बांधत आहेत, त्याच्या पुढच्या कामाचं बघणं आणि रेखाटणं तुमचं आता चालू हवं. त्याच स्प्रिंटमध्ये डिझाइनही आणि बांधणीही, असं असेल तर डिझाइनच्या वाट्याला दोन दिवस येतात आणि त्यातला एक मीटिंगमध्ये जातो.

आपली घाई गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालू नका

टीमवर आकडे वाढवण्याचा दबाव आला की तो स्क्रीनवर उतरतो. तारकर्लीच्या होमस्टेच्या पानावर ‘फक्त २ खोल्या शिल्लक’ लिहा, उलटं मोजणारं घड्याळ लावा, असं तुम्हाला सांगतील. खोल्या खरंच दोन असतील तर जरूर लिहा, ती माहिती आहे. नसतील तर लिहू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी घाई निर्माण करणं हा त्यातलाच एक आहे. ही यादी मी छापून टेबलावर ठेवली आहे. ‘मला पटत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘हे सूचनांच्या विरुद्ध आहे’ म्हणणं सोपं जातं, विशेषतः तुम्ही नोकरीत नवे असाल तर. पण मनातलं कारण तेच ठेवा : समोरचा माणूस वर्षातून एकदा पोराबाळांना समुद्र दाखवायला येतो आहे, त्याला घाबरवून पैसे भरायला लावायचे नाहीत.

रिलीजनंतरचा आठवडा

शुक्रवारी संध्याकाळी काही चढवू नका. शनिवार-रविवार बागायतदाराची ऑर्डर अडकली तर तुमच्या टीममधलं कुणी उचलणार नसतं. मंगळवार किंवा बुधवार बरा.

पहिल्या आठवड्यात स्क्रीनवर फोन नंबर ठळक ठेवा आणि येणारे फोन स्वतः घ्या, दुसऱ्यावर सोपवू नका. समोरच्याला आधी बोलू द्या. ‘तुम्ही चुकीचं बटण दाबलंत’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. जवळ वही ठेवा : कोण, कुठून, काय करत होते, कुठे अडलं, त्यांच्याच शब्दांत. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढंच लिहून थांबू नका. शेवटचं काय दिसलं होतं ते विचारा. ज्यांनी फोन केला नाही त्यांच्यातल्या दोघा-तिघांना तुम्ही फोन करा, कारण कंटाळून परत वहीकडे वळलेला माणूस तक्रार करत नाही.

सोमवारी ती वही मीटिंगमध्ये वाचा. जी अडचण तिघांपेक्षा जास्त जणांनी सांगितली ती पुढच्या स्प्रिंटमध्ये नव्या कामाच्या आधी लागते, आणि उरलेल्यांसाठी दर स्प्रिंटमध्ये एक दिवस राखलेला असतो, असं टीमशी ठरवून घ्या. हे रिलीजच्या आधी ठरवा, मीटिंगच्या नोंदीत लिहून घ्या. रिलीजनंतर बोलायला गेलात तर तोवर पुढची तारीख ठरलेली असते.